केसाएवढा चंद्र

कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असतं आणि निम्मी मंडळी आकाशाकडे फोन रोखून उभी असतात. डोळ्यांना दिसणारा चंद्र टपोरा असतो, डागांसकट. फोनमध्ये उतरतो तो पांढरा ठिपका. सगळे जरा खट्टू होतात, फोन खिशात जातात, दूध वाटलं जातं. त्या ठिपक्याचं गणित मी एकदा वहीत मांडून पाहिलं, आणि तेव्हापासून मेगापिक्सेलच्या जाहिरातीकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

चंद्र आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. भिंगामागे त्याची प्रतिमा केवढी पडेल ते काढायची रीत सोपी आहे : भिंगाच्या नाभीय अंतराला ११० ने भागायचं. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं खरं नाभीय अंतर सात मिलिमीटरच्याही किंचित आत असतं. (फोनच्या माहितीपत्रकात २४ एमएम लिहिलेलं असतं, पण तो मोठ्या कॅमेऱ्याशी तुलनेसाठी काढलेला आकडा.) भागाकार येतो ०.०६ मिलिमीटर, म्हणजे ६० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ३,४७४ किलोमीटर व्यासाचा चंद्र फोनच्या सेन्सरवर उतरतो तेव्हा एका केसाच्या जाडीत मावतो.

नेहमीच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्या चंद्राच्या वाट्याला आडवे पंचवीस ठिपके येतात, सगळे मिळून पाचशेच्या आसपास. एकेका ठिपक्यात चंद्रावरचा १३५ किलोमीटरचा पट्टा दडपलेला असतो. मुंबई-पुण्यातलं हवाई अंतरही त्याहून कमी आहे. पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक खांद्यावर जे ६०० मिलिमीटरचं भिंग वागवतात, त्यातून हाच चंद्र साडेपाच मिलिमीटरचा पडतो आणि २४ मेगापिक्सेलच्या साध्या फुलफ्रेम कॅमेऱ्यातही त्याला सहा लाखांहून जास्त ठिपके मिळतात. तिथे एक ठिपका म्हणजे चार किलोमीटर. विवरं दिसतात, विवरांच्या कडांच्या सावल्या दिसतात.

मग काही फोनमधून चंद्राचे इतके रेखीव फोटो येतात ते कसे? २०२३ च्या मार्चमध्ये एकाने याचा छडा लावायचं ठरवलं. त्याने इंटरनेटवरून चंद्राचं चित्र उतरवलं, ते १७० बाय १७० पिक्सेलपर्यंत लहान केलं, मुद्दाम धूसर केलं, संगणकाच्या पडद्यावर लावलं, खोलीतले दिवे बंद केले आणि दूर उभं राहून फोनने त्या पडद्याचा फोटो काढला. फोटोत विवरं उमटली. पडद्यावर ती नव्हतीच. फोनला चंद्र ओळखता येतो, त्याने चंद्राचे असंख्य फोटो शिकताना पाहिलेले असतात, आणि दिसलं नाही तेवढं तो आठवणीतून भरतो. मला यात लबाडीपेक्षाही एक कबुली दिसते. पाचशे ठिपक्यांत जे मावलंच नाही ते कोणतीही आकडेमोड परत आणू शकत नाही. फार तर ते दुसरीकडून आणून बसवता येतं.

आता मेगापिक्सेलकडे वळू. जाहिरातीतले २०० मेगापिक्सेल म्हणजे २० कोटी ठिपके. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मोजायला बसलात तर सहा वर्षं आणि चार महिने लागतील. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा त्यात १०,००० ठिपके होते, वजन ३.६ किलो होतं, आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागायची. २००० साली जपानमध्ये शार्प कंपनीचा कॅमेरावाला फोन आला त्यात १ लाख १० हजार ठिपके होते. तिथून २० कोटींपर्यंतचा प्रवास थक्क करणारा आहेच, आणि ज्या इंजिनिअरांनी तो घडवला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण हे २० कोटी ठिपके बसवले कुठे? साधारण दहा बाय साडेसात मिलिमीटरच्या तुकड्यावर. तो जेमतेम हाताच्या करंगळीच्या नखाएवढा भरतो. एका ठिपक्याची रुंदी ०.६ मायक्रॉन, केसाच्या जाडीत असे शंभरावर ठिपके ओळीने बसतील. आणि हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी आहे ०.५५ मायक्रॉन. म्हणजे मोजमापाचं भांडं आणि ज्याचं मोजमाप करायचं तो प्रकाश, दोघंही एकाच मापाचे झाले. पुढे निसर्गाचा नियम आडवा येतो. कोणतंही भिंग, कितीही निर्दोष घासलेलं असलं तरी, प्रकाशाच्या एका बिंदूचं चित्र बिंदू म्हणून देत नाही. लहानशी चकती देतं. एफ १.७ ॲपर्चरला, म्हणजे भिंगाचं प्रकाश घेणारं तोंड तेवढं उघडं असताना, ती चकती २.३ मायक्रॉनची भरते. जगातला सर्वांत बारीक तारासुद्धा या सेन्सरवर अकरा-बारा ठिपक्यांवर सांडतो. म्हणूनच असा फोन बहुतेक वेळा आपल्या १६-१६ ठिपक्यांचा गट करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. खोक्यावर २०० छापलेलं असतं. गॅलरीत साडेबारा येतात. त्यात बिघाड काही नाही, तेच शहाणपणाचं आहे.

ज्यांना पैशाची आणि जागेची अडचण नाही ते काय करतात? दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या सेरो पाचोन डोंगरावरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेत जगातला सर्वांत मोठा डिजिटल कॅमेरा बसवला आहे. २०२५ च्या जूनमध्ये त्याची पहिली छायाचित्रं जगाने पाहिली. आकार छोट्या मोटारीएवढा, वजन तीन टनांच्या जवळ, समोर ८.४ मीटरचा आरसा. आणि मेगापिक्सेल? ३,२००. भागाकार करून पाहा : खिशातले असे १६ फोन एकत्र ठेवले की मेगापिक्सेलची बेरीज तेवढीच होते. चाळीतल्या एका मजल्यावर निघतील एवढे फोन. पण त्या कॅमेऱ्याच्या एका ठिपक्याची रुंदी आहे १० मायक्रॉन, आणि सेन्सरांची ती मांडणी ६४ सेंटिमीटर रुंद आहे, परातीएवढी. फोनच्या एका ठिपक्याच्या जागेत आणि त्याच्या एका ठिपक्याच्या जागेत २७८ पटींचा फरक आहे. खगोलशास्त्रज्ञांनी ठिपके बारीक केले नाहीत, ऐसपैस ठेवले. कारण त्यांना ठिपके मोजायचे नव्हते, प्रकाश मोजायचा होता.

प्रकाश मोजायचा म्हणजे अक्षरशः मोजायचा. प्रकाश सुट्या कणांनी येतो, फोटॉनांनी, आणि सेन्सरचा प्रत्येक ठिपका म्हणजे ते कण मोजणारा एक कारकून. भर दुपारच्या उन्हात त्याला कामाची कमी नसते. मेच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. पण भाऊबीजेच्या संध्याकाळी दिवे मालवून बहीण ओवाळते आहे, निरांजनाची ज्योत भावाच्या चेहऱ्यापासून फुटभर अंतरावर आहे असं समजा. मेणबत्तीएवढ्या ज्योतीचा एका फुटावर पडणारा प्रकाश दहा-अकरा लक्स असतो. दुपारच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा.

हा हिशेब मी दोनदा तपासून पाहिला, कारण उत्तरावर माझा विश्वास बसेना. चेहऱ्यावर पडलेल्या प्रकाशातला पाव भाग परत फिरतो. तो सगळ्या दिशांना विखुरतो, त्यातला किंचित अंश भिंगात शिरतो, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ०.६ मायक्रॉनच्या त्या एका ठिपक्यापर्यंत पोचतात अंदाजे सहा-सात कण. सहा-सात! ज्या चेहऱ्याचा फोटो आपण पुढची वीस वर्षं जपणार, त्याच्या गालावरच्या एका ठिपक्याचा रंग ठरवायला फोनच्या हातात एवढंच भांडवल असतं.

आणि कण नेमके सहा-सातच येतील याची खात्रीही नसते. वळवाच्या पावसाचे पहिले टपोरे थेंब अंगणातल्या शहाबादी फरशीवर पडताना पाहिलेत ना? पाऊस सगळीकडे सारखा असतो, तरी एका फरशीवर चार थेंब पडतात, शेजारच्या फरशीवर नऊ, पलीकडची कोरडीच. प्रकाशाचंही तसंच. संख्याशास्त्र सांगतं की चुकीचा पल्ला त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. साडेसहाचं वर्गमूळ अडीच. साडेसहात अडीचची चूक म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के. अंधारात काढलेल्या फोटोत गालावर जे रवाळ दाणे दिसतात ते हेच. कॅमेरा वाईट नाही, थेंब कमी पडलेत. फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरचा ठिपका सहा मायक्रॉन रुंद, म्हणजे जागा शंभर पट. त्याला त्याच ॲपर्चरला, त्याच वेळात साडेसहाशे कण मिळतात, आणि चूक चार टक्क्यांवर येते.

फोनवर अन्याय नको, म्हणून पुढचंही सांगतो. सोळा ठिपक्यांचा गट केला की फोनकडेही शंभरेक कण जमतात. शेवटी तुलना दोन सेन्सरांच्या पूर्ण जागेची करायची. फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, ८६४ चौरस मिलिमीटर. फोनचा चांगला सेन्सर ७२ चौरस मिलिमीटर. प्रमाण बारास एक. एवढीच तफावत असती तर फोन ती भरून काढू शकतो, आणि त्याने ती भरून काढली आहेही. ज्या कल्पनेने हे साधलं ती या वीस वर्षांतल्या सुंदर कल्पनांपैकी एक आहे असं मला वाटतं.

कल्पना अशी : एक फोटो काढूच नका, पंधरा काढा. २०१८ मध्ये गूगलने आपल्या फोनमध्ये नाइट साइट आणलं तेव्हा फोन हातात धरूनही तो एका दाबात १५ पर्यंत फोटो घेत होता. हात हलतो, त्यामुळे प्रत्येक फोटो किंचित सरकलेला असतो. फोन ते सगळे एकावर एक जुळवतो, जे जुळत नाही ते टाकतो, उरलेल्यांची सरासरी काढतो. पंधरा पट वेळ, पंधरा पट कण. बारास एकची तफावत भरून वर थोडं उरतंच. पुढच्याच वर्षी आलेल्या ताऱ्यांच्या मोडमध्ये १६ सेकंदांचे १५ फोटो, म्हणजे चार मिनिटांचा प्रकाश, एका चित्रात येऊ लागला. स्टँडवर ठेवलेल्या फोनमधून आकाशगंगा दिसली. यामागची आकडेमोड करणारा मेंदूही तसाच. आयफोन १५ प्रोमधल्या ए १७ प्रो चिपचा न्यूरल इंजिन हा भाग सेकंदाला ३५ लाख कोटी क्रिया करू शकतो. ३५ वर १२ शून्यं. बाजारातल्या कोणत्याही डीएसएलआरमध्ये असा मेंदू कधी नव्हता.

मात्र प्रकाश मिळवायचे मार्ग दोनच आहेत. जास्त वेळ थांबा, किंवा तोंड मोठं करा. फोन थांबतो. मोठा कॅमेरा तोंड मोठं करतो. समोरचं माणूस थांबणार असेल तर दोन्ही मार्ग सारखे. देवघरातली समई, रात्रीचा किल्ला, झोपलेलं बाळ यांच्यासाठी फोन पुरेसा आहे आणि पुष्कळदा सरसही. पण ढोलपथकातल्या मुलीचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने येतो असं धरलं, तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तो चार सेंटिमीटर सरकतो आणि पूर्ण सेकंदात दोन मीटर. पंधरा फोटोंची सरासरी काढायला तो हात एका जागी सापडतच नाही. मग फोन एक तर हात पुसट करतो, नाही तर पंधरातला एकच फोटो घेतो आणि दाणे रंधा मारल्यासारखे गुळगुळीत करतो. चेहरा मेणाचा वाटतो तो तेव्हा. दहीहंडीचा सहावा थर कोसळताना, लेझीम वर गेलेली असताना, ओवाळताना बहिणीला हसू फुटतं त्या क्षणी, वेळ मागायची सोय नसते. तिथे तोंडच मोठं लागतं.

आणि तोंडाच्या मापात फरक नुसता बारा पटींचा नाही. फोनच्या भिंगाचं प्रकाश घेणारं तोंड असतं चार मिलिमीटरच्या किंचित आत. ५० एमएम एफ १.८ या भिंगाचं २८ मिलिमीटर. दोघं एकाच जागी उभे राहून तोच चेहरा टिपत असतील, तर त्या चेहऱ्याकडून येणारा प्रकाश किती गोळा होईल हे फक्त तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं. फरक पन्नास पट. ६०० एमएम एफ ४ च्या भिंगाचं तोंड १५० मिलिमीटरचं, जेवणाच्या लहान ताटलीएवढं, फोनच्या जवळजवळ पंधराशे पट. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या खगोलविज्ञान संस्थेची जी दुर्बीण आहे तिचा आरसा २ मीटरचा. ती फोनच्या अडीच लाख पटींहून जास्त प्रकाश गोळा करते. कॅमेऱ्यांच्या जगातली ही एकच शिडी मला खरी वाटते, आणि तिची पायरी मिलिमीटरमध्ये मोजतात.

पाठीमागची धूसर पार्श्वभूमीसुद्धा याच तोंडातून येते. यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खूप मागे असलेला दिवा फोटोत धूसर होऊन जी चकती बनतो, ती चेहऱ्याच्या मापात किती मोठी दिसेल? बरोबर भिंगाच्या तोंडाएवढी. फोनमध्ये ती चार मिलिमीटरची, नथीतल्या मोत्याएवढी. ५० एमएमच्या भिंगात २८ मिलिमीटरची, दहा रुपयांच्या नाण्याएवढी. ८५ एमएम एफ १.८ मध्ये ४७ मिलिमीटरची, चांगल्या मोठ्या लिंबाएवढी. फोनचा पोर्ट्रेट मोड मोत्याचं लिंबू करतो, आणि त्यासाठी त्याला माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं हे ओळखावं लागतं. चेहऱ्याची, खांद्याची कड तो आता छान ओळखतो. गजऱ्यातून सुटलेली केसांची बट, नथीच्या तारेमधली मोकळी जागा, फेट्याचा उडता तुरा इथे तो अजून अडखळतो. काचेला यातलं काही ओळखावं लागत नाही.

लांबच्या गोष्टींबद्दल मी फार लिहीत नाही, एकच उदाहरण देतो. हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. शंभर मीटरवर उभा असलेला सव्वा मीटर उंचीचा रोहित फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात मोजून पस्तीस-छत्तीस ठिपके उंच येतो आणि त्याची मान दीड ठिपक्याची. फोनचं पाचपट झूमचं भिंग प्रत्यक्षात १५ ते २० मिलिमीटरचंच असतं, त्यामुळे सेन्सरवर पडणारी प्रतिमा दुप्पट-तिप्पट मोठी होते, एवढंच. ६०० मिलिमीटरच्या भिंगात तोच पक्षी बाराशेच्या वर ठिपके घेऊन उभा राहतो आणि चोचीवरचा पाण्याचा थेंब दिसतो. अर्थात त्या भिंगाचं वजन तीन किलो आणि किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे.

इतकं असूनही जगाने आपला कौल केव्हाच दिला आहे, आणि तो आकडाही प्रचंड आहे. २०१० मध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या नोंदीनुसार १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२४ मध्ये ८५ लाख. चौदा वर्षांत ९३ टक्के घट. त्याच २०२४ मध्ये स्मार्टफोन निघाले १२४ कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे ३४ लाख. जगभरातले कॅमेरे वर्षभरात जेवढे, तेवढे फोन अडीच दिवसांत. फोटोंचं मोजमाप तर आपल्या लाख-कोटींच्या भाषेलाही जड जातं. २०२० मध्ये गूगलनेच सांगितलं होतं की त्यांच्या फोटोंच्या साठ्यात ४ लाख कोटी फोटो आहेत आणि दर आठवड्याला २,८०० कोटींची भर पडते. सेकंदाला ४६ हजार. हे वाक्य वाचून होईपर्यंत दोन-तीन लाख.

त्यातले बहुतेक फोटो पाहिले जातात कुठे? फोनवरच. फोनच्या पडद्यावर साधारण २६ लाख ठिपके असतात. ४के टीव्हीवर ८३ लाख. चार बाय सहा इंचांच्या छापील फोटोला २२ लाख पुरतात. म्हणजे २० कोटी ठिपक्यांचा फोटो पाहताना पडद्यावर त्यातल्या सत्त्याहत्तरांपैकी एकच ठिपका उमटतो. मागणी खऱ्या अर्थाने वाढते ती लग्नाच्या बारा बाय छत्तीसच्या अल्बममध्ये : पूर्ण पानाला जवळपास ३ कोटी ९० लाख ठिपके लागतात. लग्नाच्या फोटोवाल्याच्या गळ्यात आजही फोन नसून दोन मोठे कॅमेरे का असतात, ते त्या पानावर आणि मांडवातल्या पिवळ्या उजेडात कळतं. भिंतीवर मोठा करून लावायचा फोटो असेल तरीही तसंच. झूम केल्यावर फोटो फुटतो असं आपण म्हणतो, तो तिथे फुटतो.

म्हणून दुकानात गेलात तर मेगापिक्सेल किती हे विचारू नका. उन्हातली सहल, घरातली माणसं, मुलांच्या शाळेचे कार्यक्रम, जेवणाची ताटं आणि कागदपत्रांचे फोटो एवढंच हवं असेल, तर हातात आहे तो फोन तुमच्यासाठी उत्तम कॅमेरा आहे आणि नवा फोन घेण्याचीही गरज नाही. पण दिव्याच्या उजेडातला, हलत्या माणसांचा, पुढे छापून भिंतीवर लावायचा फोटो तुम्हाला मनापासून हवा असेल, तर दीड लाखाच्या फोनवर पैसे घालू नका. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात, किंवा तुमच्या शहरातल्या ओळखीच्या कॅमेरावाल्याकडे जाऊन एखादा जुना, नीट चालणारा डीएसएलआर पाहा, आणि त्यावर ५० एमएम एफ १.८ हे एकच भिंग घ्या. त्याचं वजन १६० ग्रॅमच्या आसपास असतं, नवं घेतलं तरी साधारण दहा हजार रुपयांना मिळतं, आणि त्याचं तोंड २८ मिलिमीटरचं आहे.